आत वळलेल्या सपाता

१३ जानेवारी, थेबेक
आले एकदाची! पुसानच्या समुद्रावरून थेट बर्फाच्या डोंगरात. हॉस्पिटल जुनं आहे, पण फुफ्फुसांचा स्वतंत्र वॉर्ड आहे आणि श्वास मोजायची खोली आजपासून माझी. पेशंट सगळे कोळशाच्या खाणीतले म्हातारे, छातीत धूळ बसलेले. मी म्हणायचं फुंका, त्यांनी नळीत फुंकायचं. हाम आजोबा म्हणाले, पोरी, फुंकायला दम असता तर इथे कशाला तडमडलो असतो? सगळा वॉर्ड खोकत हसला. मग त्यांनी इथली रीत शिकवली. नवरा खाणीत उतरला की बायको त्याचे घरातले जोडे टोकं आत करून ठेवायची. म्हणजे माणूस परत येतो. टोकं बाहेर केली, की गेलाच.

२५ फेब्रुवारी
नव्या साथीच्या पेशंटांसाठी वॉर्ड रिकामा केला. माझ्या खोलीला कुलूप, कारण फुंकण्यातून रोग पसरतो. ते पटतं. पण म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडलं, त्याचं काय? संचालक जिनसाहेब म्हणाले, यांचा आजार जुनाच, दोन महिने थांबले तर काय बिघडतं. ह्यांच्या बापाचं काय जातंय! गडबडीत हाम आजोबांच्या सपाता इथेच राहिल्या. मी त्या माझ्या खोलीच्या दाराशी ठेवल्या, टोकं आत. या परत, आजोबा.

९ मार्च
आले होते. फाटकापाशी, धापा टाकत. पण खोकणाऱ्याला आत सोडू नका असा हुकूम! छातीच्या हॉस्पिटलात खोकणाऱ्याला बंदी! मी जिनसाहेबांपुढे गुडघे टेकले. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, उद्या फोन करायला सांगा. मी खाली पोचेपर्यंत आजोबा बर्फात बसल्या बसल्या गेले होते.

११ मार्च
कुलूपबंद खोलीत कुणीतरी फुंकतंय. भर दुपारी. सपाता ओल्या, काळ्या पाण्याने. झाडलोट करणाऱ्या प्यो मावशी म्हणाल्या, तूच बोलावलंस ना? आता टोकं बाहेर फिरव बाई, नाहीतर कुणाचा तरी श्वास घेऊनच जाईल तो.

१२ मार्च
नाही फिरवल्या. उचलल्या. जिनसाहेबांच्या दाराशी नेऊन ठेवल्या — टोकं आत.

१२ मार्च, दुपार
इथेच दारापाशी बसून लिहितेय. आत फुंकणं चाललंय. जोरात. आता आजोबांना दम आहे — साहेबांचा —

साहेब आतून दार ठोकताहेत. कुलूप नाही, कडी नाही, तरी उघडत नाही. मावशी ओरडताहेत, फिरव, अगं फिरव. वाकले. हात लावला — आणि काढून घेतला.

साहेब, नियम सगळ्यांना सारखा. उद्या फोन —