रफूवालीचा वडिलोपार्जित वाटा

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा रफूकाम, आज पूर्ण शुद्धीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोटाबद्दल तसा दाखला कोणी देईना. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दादाने आणला होता, मी जुमानला नाही.

१. दुकान व मागची खोली, स्वकष्टार्जित, माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या एकुलत्या एका मुलीला.

२. सुया व दोऱ्यांची पेटी शेजारच्या शिंपीणबाईंना. माझी कात्री त्यांनी तीस वर्षांत परत केलेली नाही, तीही आता त्यांचीच समजावी.

३. वडिलांची आरामखुर्ची दादाला. पोटात दुखलं की वडील "पित्त आहे" म्हणून तिच्यात पडून राहायचे. ते पित्ताने गेले, त्यांची बहीणही पित्तानेच गेली. आमच्या घरात कॅन्सर कोणालाच झाला नाही, कारण तो शब्द कोणी तोंडातून काढलाच नाही.

४. वकीलबाईंनी विचारलं, "वडिलोपार्जित काही आहे?" आहे की! पेशींमधला डीएनए रोज कुठे ना कुठे फाटतो आणि काही जनुकं तो दुरुस्त करतात. आमच्याकडचं त्यातलं एक पिढ्यान्‌पिढ्या कामचुकार आहे. मी जन्मभर लोकांच्या कोटांची भोकं बुजवली, नि माझ्याच आतला रफूवाला सुट्टीवर. बाई म्हणाल्या, वडिलोपार्जितातला वाटा जन्मतःच ठरतो, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. डॉक्टरही नेमकं हेच म्हणाले होते.

५. मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून दादाने माझा जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट कपाटातून उचलून स्वतःच्या विम्याच्या कागदांत दडवला. फारच हुशार. दोष तिच्यात आला असेलच असं नाही; आला तरी कॅन्सर होईलच असं नाही, जोखीम वाढते. पण माहीत असलं तर वेळेवर दुर्बिणीने जठर तपासता येतं, जोखीम वाढवणारे जंतू तिथे असले तर त्यांवर औषध घेता येतं. मला कळलं तेव्हा वेळ गेली होती. याचा मला भयंकर राग आहे. तो कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेते.

६. रिपोर्टची दुसरी प्रत भाचीला. हे कलम माझ्या मरणापर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून गेल्या गुरुवारीच अमलात आणलं. दुकानातल्या स्टुलावर बसून तिने ती दोनदा वाचली. मला वाटलं, रडेल. तिने विचारलं, "आत्या, बाबांची तपासणी झालीय?"

दादा दोन वर्षं खिशात पित्ताच्या गोळ्या घेऊन हिंडतो आहे. भोकं शोधण्यात जन्म गेला माझा, आणि हे मला दिसलं नाही.

७. उद्या बापलेक दोघांच्या तपासणीची वेळ घेतली आहे. कलम तीन रद्द. दादा, खुर्ची मोडीत जाईल. तिच्यात पडायचं नाही, मुकाट्याने दवाखान्यात जायचं.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
तारीख: तपासणीचा आदला दिवस.

सही: रफूवाली

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचा चष्मेवाला.
२. दादा. (आता मिळण्यासारखं काही उरलं नसल्याने साक्षीला पात्र. पूर्ण वाचून सही केली. गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवून गेला.)