तिसऱ्या खोलीतून गेलेलं उत्तर

४ मार्च
आज सकाळी आंघोळ झाल्यावर देवाचं नाव घेतलं आणि थेट मशीनच्या खोलीत जाऊन दारातल्या सर्व्हरला हात जोडले. स्वयंपाकीणबाई हसल्या. आधीचे साहेब त्याला लाथा घालायचे, तुम्ही नमस्कार करता, बघू कुणाचं ऐकतो ते, म्हणाल्या. मीही हसलो. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेत, एवढं गावच्या शाळेने शिकवलं आणि ते अंगी राहिलं.

जागा शांत आहे. धरणाचं पाणी मोजायचं केंद्र. मी, बाई आणि फाटकावरचे काका, एवढीच माणसं. गाडी फक्त रविवारी. मोबाइल लागत नाही. बाहेरची एकच केबल आहे आणि तिचीही रीत न्यारी: बाहेरच्याने वेबपेज, म्हणजे पान, मागितलं तर उत्तर जातं, आपण होऊन काही पाठवता येत नाही.

काम सोपं. दारातल्या सर्व्हरला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. मी दारवान म्हणतो. बाहेरचा माणूस त्याच्याशीच बोलतो. तो आत विचारतो आणि निरोप आणून देतो. पाण्याची पातळी पहिल्या खोलीतलं मशीन सांगतं, पावसाचे आकडे दुसऱ्या खोलीतलं. आतून कोण बोललं, हे बाहेरच्याला कधी कळत नाही. तिसरी खोली बंद आहे. तिथलं मशीन काढून नेलंय म्हणे.

६ मार्च
वरच्या साहेबांना विचारूनच आलो होतो, म्हणून दुसऱ्या खोलीतल्या मशीनवर घरच्यांसाठी एक पान केलं. ही घरून त्यात लिहिते, खाली मी उत्तर देतो. पहिला निरोप आला: धाकटीची परीक्षा छान झाली, आणि तुमचा स्वेटर कपाटातच राहिला, वेंधळेपणा काही जात नाही. वाचून घरी जाऊन आल्यासारखं वाटलं. मी लिहिलं, ‘बरं. जपा.’ मला त्याहून जास्त सुचत नाही.

९ मार्च
हिचा निरोप: इतकं गोड लिहायला काय झालं तुम्हाला, ताप-बीप तर नाही ना? सगळ्या संसारात असं कधी बोलला नाहीत. वाचून रडू आलं म्हणते.

मी लिहिलं होतं, ‘भाजी ताजी मिळते.’

मग बाहेरच्यासारखं दारवानाकडूनच ते पान मागवलं. माझी ओळ नव्हती. तिच्या जागी होतं: तुझ्यावाचून घास उतरत नाही. धाकटीला घेऊन ये. येत्या रविवारी नको, त्याच्या पुढच्या रविवारी ये.

दारवानाचे नियम, कुठलं पान कुठल्या खोलीतून आणायचं ते, तपासले. ही लिहिते ते माझ्या मशीनवर येत होतं. ती वाचते ते पान मात्र तिसऱ्या खोलीतून जात होतं. हा नियम मी घातलेला नाही. बदलला. कुणाची तरी चूक असेल.

११ मार्च
नियम पुन्हा तिसऱ्या खोलीचा.

काकांकडून किल्ली घेतली. आत टेबल आहे. मशीन नाही. केबलचं टोक नुसतं लोंबतंय. हात लावला तर ते कोमट लागलं, माणसाच्या अंगासारखं.

बाईंना विचारलं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “आधीच्या साहेबांची बायको आली होती, दादा, बॅगा घेऊन. ते म्हणाले, मी बोलावलंच नाही. ती मात्र सरळ त्या खोलीत गेली, आतून हाक आली म्हणून. तिला आणायला साहेब गेले. आम्ही अजून दोघांचं ताट वाढून ठेवतो.”

१२ मार्च
तिसऱ्या खोलीतली केबल भिंतीतून उपटली. दारवान तरी तिथूनच पान आणतो —

ही लिहिते: तिकिटं काढली. धाकटी नाचतेय. तुम्ही आपण होऊन बोलावलंत, हेच मला पुष्कळ.

येऊ नका, येऊ नका, लिहीत राहिलो. तिला दिसतं ते: ‘वाट बघतोय.’

फाटकावरच त्यांना अडवू म्हटलं. काकांनी मान हलवली. आधीच्या साहेबांच्या बायकोचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी ती हिसकून गेली. हाक फाटकापर्यंत येते.

१३ मार्च
देवाने सुचवलं. दारवानाने प्रत्येक उत्तर आतूनच आणावं असं नाही. त्याच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवलेलं पान तो आत न विचारता देतो.

तिथे ठेवलं: ‘मी बोलावलं नाही. तो मी नव्हे. येऊ नका. धाकटीची शपथ.’

शपथ कधी कुणाला घातली नव्हती.

दुपारी हिने पान उघडलं. माझंच. निरोप आला: नाही येत. पण अहो, तुम्ही बरे आहात ना?

१४ मार्च
डिस्कवरच्या पानात एक ओळ जास्त. माझी नाही.

‘शपथ सुटली. या.’

हिने अजून पाहिलेलं नाही. पुसली. परत आली. पुसली —

आता दारवानही त्याचा.

तिसरी खोली उघडी आहे. आतून ‘बाबा’ म्हणतंय. धाकटीचा आवाज. धाकटी घरी आहे. घरीच —

बाहेरची केबल तोडली तर मी बरा आहे की नाही हे हिला कधीच कळणार नाही. रोज पान उघडून बघेल बिचारी. बघू दे. येणार तरी नाही.

बाईंची सुरी आणली. बाहेरची केबल कापली. दोन तुकडे, हातात आहेत.

आता तिने काहीही विचारलं तरी इथून कुणी उत्तर देणार नाही. मी नाही. आणि ते —