जावईबापूंचा बिल्ला

तीर्थरूप आत्यास,

एका हातात पेन असल्यामुळे उरलेल्या हाताने, पण पूर्ण मनाने नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (खरं सांग. मागच्या वेळी फोनवर तू "बरा आहे" म्हणालीस तेव्हा मागून सूनबाईंच्या हसण्याचा आवाज आला होता, तो मी विसरलेलो नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, निदान दिसतो तरी ठीक. तुझी भाचेसून म्हणते, मला संशयाचा आजार जडला आहे. हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं, याचा मी शोध घेतो आहे.

पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र तुझ्या जावईबापूंच्याच हाती पाठवतो आहे. ते तुमच्याकडे विश्रांतीला येत आहेतच. पाकिटाला डिंक दोन्ही बाजूंनी लावला आहे आणि वर चिकटपट्टीही मारली आहे. आल्यावर आधी चिकटपट्टी नीट पाहा, मगच फोड. पत्र लिहिण्याचं कारण म्हणशील तर तुझा गुडघा, दुसरं काही नाही. कागद उरला आहे म्हणून बाकीचं लिहितो.

तुझे जावईबापू आमच्या अग्निशमन केंद्रावर साहेब म्हणून आले, हे तुला तुझ्या धाकट्या लेकीने कौतुकाने सांगितलंच असेल. अख्ख्या खात्यात इतकी केंद्रं असताना त्यांना नेमकं माझंच केंद्र कसं मिळालं, हा प्रश्न मात्र घरात कोणालाच पडला नाही. मला पडला. धाकटीला पाहायला ते आले होते तेव्हा मी स्वयंपाकघरात तुला म्हणालो होतो, "मुलगा फार कमी बोलतो, काहीतरी लपवतोय." तू म्हणालीस, "हळू बोल, ऐकू जाईल." आत्या, त्यांना ते ऐकू गेलं होतं असा माझा पहिल्यापासूनचा संशय आहे. माणूस कमी बोलतो म्हणजे दुसरं काय करत असतो? ऐकतच असतो.

आले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि माझ्याशी जरा जास्त वेळ. मग नवीन पद्धत आणली. आजवर आमचं काम सरळ होतं. आग लागली की बंब काढायचे, घंटा बडवत जायचं, आणि ज्याच्या हाती पाइप लागेल त्याने पाणी मारत आत घुसायचं. हुकूम देणारे चिक्कार होते, ऐकणारं कोणी नव्हतं, पण आगी विझत होत्या. (काही आपणहून विझत होत्या, ते सोड.) आता म्हणे, जो हुद्देदार घटनेवर पहिला पोचेल त्याने पिवळं जाकीट घालायचं, वायरलेसवर "कमांड माझ्याकडे" असं जाहीर करायचं आणि बंबाच्या तोंडाशी उभं राहायचं. पाइपला हात लावायचा नाही. आत जायचं नाही. पाचांपेक्षा जास्त माणसांना स्वतः हुकूम द्यायचा नाही. त्या पाचांनी पुढच्यांना द्यायचा. मागून आलेल्या गाड्यांनी गल्लीत न घुसता कोपऱ्यावर थांबायचं, बोलावल्याशिवाय पुढे यायचं नाही. आणि हुकूम मिळाला की तो परत म्हणून दाखवायचा. (धाकटी सांगते, हे घरीही असंच वागतात. ती म्हणाली मीठ आणा, की हे म्हणतात, "मीठ आणतो, एक पुडा, समजलं." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, असं ती मला विचारत होती.)

ही पद्धत परदेशातून आली असं साहेब सांगतात. पण घरात कार्य निघालं की तू भटारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसतेस, एकाही भांड्याला हात लावत नाहीस, आणि तुला विचारल्याशिवाय आतलं बाहेर जात नाही की बाहेरचं आत येत नाही, हे मी लहानपणापासून बघतो आहे. तुला मात्र कोणी जाकीट दिलं नाही.

यातली सगळ्यात संशयास्पद वस्तू म्हणजे बिल्ला. प्रत्येकाच्या नावाचा एक पत्र्याचा बिल्ला केला. आत जाताना तो जाकीटवाल्याच्या हातात द्यायचा, त्याने तो फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा, आणि बाहेर आल्यावर ज्याचा त्याने येऊन, त्याच्याच हातून परत घ्यायचा. दुसऱ्याचा घ्यायचा नाही, निरोप पाठवायचा नाही. मला वाटलं, हजेरीची नवी युक्ती आहे. कोण किती वेळ आत होता आणि कोण बाहेर सावलीत उभा होता, हे वरपर्यंत कळवायची सोय. मी माझा बिल्ला तीन दिवस मुद्दाम घरी विसरलो. साहेबांनी चौथ्या दिवशी दुसरा करून दिला, तोही हसून. हसण्याचं काय कारण होतं?

असो. मागच्या आठवड्यात भर दुपारी लाकडी सामानाच्या गोदामाला आग लागली. साहेब मुख्य कार्यालयात बैठकीला गेले होते. (नेमके त्याच दिवशी.) पहिला बंब आमचा, आणि बंबावर हुद्देदार मी एकटा. जाकीट सीटखाली दडवून ठेवलं होतं, ते आमच्या ड्रायव्हरने, ज्याला आम्ही भोंगा म्हणतो, काढून माझ्या अंगावर चढवलं. इतकी वर्षं मी आगीत घुसतो आहे, पण आगीकडे पाठ न फिरवता नुसतं उभं राहायची पाळी पहिल्यांदा आली. माणसं विचारायला येत होती आणि मी सांगत होतो. दोन जण पुढच्या दाराने, दोन जण डावीकडून, शेजारच्या इमारतीतले लोक खाली, पाण्याची गाडी कोपऱ्यावर. आणि आत्या, तू हसशील, पण लोक ऐकत होते. सांगितलं तेवढंच करत होते आणि करण्याआधी परत म्हणून दाखवत होते. मला तर ते सगळे आपसात ठरवून माझी थट्टा करताहेत असंच वाटलं.

एवढ्यात साहेब आले. मी सुटलो म्हणून जाकिटाची बटणं काढायला लागलो. नियम असा की नुसता मोठा साहेब आला म्हणून कमांड त्याच्याकडे जात नाही. समोरासमोर उभं राहून काय पेटलं, कोण कुठे आहे, काय राहिलं ते सांगायचं, आणि मग त्याने तोंडाने म्हणायचं, "मी घेतली." मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग माझं वरचं बटण परत लावलं आणि म्हणाले, "छान चाललंय. तुमच्याकडेच राहू द्या. मला काम सांगा." घात! मी मनात म्हटलं, आता गोदाम कोसळलं की चौकशी माझी, आणि वाचलं की कौतुक यांचं. शिवाय जावयाला काम सांगायचं? घरी त्यांच्या ताटात पोळी वाढताना तू आम्हाला डोळ्यांनी दटावतेस, आणि इथे मी त्यांना "मागच्या बाजूला जा" म्हणायचं? पण म्हटलं. (थोडी मजाही वाटली, खोटं कशाला बोलू.) त्यांनी "मागची बाजू, समजलं" म्हणून बिल्ला काढून माझ्या हातात दिला आणि गेले.

मग सगळ्यात मोठे साहेब आले, ज्यांच्यासमोर आम्ही खोकतसुद्धा नाही. त्यांची गाडी थेट आमच्या पाइपवर उभी राहिली आणि आतल्या दोघांचं पाणी बंद. मी ओरडलो, "ती गाडी कोणाची आहे ती आधी हलवा!" कोणाची आहे हे दिसत असूनही. गाडी हलली. मोठे साहेब येऊन माझ्या मागे उभे राहिले आणि तेही "मी घेतली" म्हणेनात. मागे उभा राहून कोणी काही बोलत नसेल तर मानेला काय होतं, ते तुला ठाऊक आहे.

तेवढ्यात छत मधोमध खाली वाकलेलं दिसलं. मी सगळ्यांना बाहेर काढायला सांगितलं. भोंग्याने बंबाचा भोंगा लांब वाजवला. माणसं बाहेर आली, आपापले बिल्ले घेऊन गेली, आणि पुढच्या दारावरून ओरडा आला, "सगळे बाहेर!" मोठे साहेब म्हणाले, "झालं, आले सगळे." पण मी कोण आहे हे तुला माहीत आहे. मी भाजीवाल्याच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही, तर ओरड्यावर ठेवणार? फळीकडे पाहिलं. एक बिल्ला होता. तुझ्या जावयाचा.

पुढचे म्हणाले, ते मागे असतील. मागचे म्हणाले, ते आतून पुढे आले असतील. दोघांनाही अगदी खात्री होती. दोन्हीकडच्या खात्रीच्या मध्ये माणूस हरवला होता. वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाही. मी जाकिटाची एक बाही काढली होती आत्या, आत जायला. मग लक्षात आलं, मी गेलो तर ही फळी कोण धरणार, आणि आत किती जण आहेत हे बाहेर कोणाला कळणार. बाही परत घातली. मागच्या भागातलं छत अजून धरून होतं, तिकडून दोघांना पाठवलं, त्यांचे बिल्ले घेतले, आणि उभा राहिलो. मला आगीची कधी इतकी भीती वाटली नव्हती. धाकटीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तिला काय सांगायचं, तुला काय सांगायचं. तो बिल्ला मी मुठीत इतका आवळला होता की त्याची कड तळहातात रुतली.

दोघांनी साहेबांना बाहेर आणलं. मागच्या बोळात कपाटं कोसळली होती, पाय एका कपाटाखाली आणि वायरलेस दुसऱ्याखाली. त्या दोघांनी बिल्ले परत घेतले आणि थोड्याच वेळात छत बसलं. मी स्ट्रेचरजवळ गेलो आणि, आता लपवून काय उपयोग, सगळ्या खात्यादेखत त्यांना काय वाटेल ते बोललो. साहेब म्हणून नाही, मेहुणा म्हणून. "एकटे आत जायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? धाकटीला तोंड कसं दाखवलं असतं मी?" काळ्या पडलेल्या चेहऱ्याने ते म्हणाले, "चुकलं, समजलं." परत म्हणून दाखवलं, तिथेही! आणि रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली.

आता ठपका येणार म्हणून मी वाट बघत बसलो, तर काय यावं? माझा हुद्दा वाढवण्याची शिफारस! खाली सही तुझ्या जावयाची, इस्पितळातल्या खाटेवरून केलेली. ठपका आला असता तर मला शांत झोप लागली असती. पण शिफारस? यामागे काय असेल, ते मला अजून उलगडत नाही. म्हणजे मला जन्मभर जाकीट घालून बाहेर उभं करायचं, हा तर बेत नाही ना?

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक घे. सूनबाईंवर लक्ष ठेव.

तुझाच,
भाचा

ता. क. तुला सहज जमलं तर जावईबापूंना जेवताना विचारून घे की ही शिफारस रागाने केली की मनापासून. थेट विचारू नकोस. रागाने केली असेल तर मी घेईन. मनापासून केली असेल तर मला विचार करावा लागेल, कारण ते उभं राहणं मला परत झेपेल की नाही, कोण जाणे.

ता. क. दुसरा. पायाला प्लास्टर जिन्यावरून घसरल्यामुळे आहे, असं धाकटीला सांगितलेलं आहे. तुलाही तेच सांगायचं ठरलं होतं. तेव्हा वरचा मजकूर तू वाचलेला नाहीस.

ता. क. तिसरा, हा साहेबांसाठी. चिकटपट्टी तुम्ही वाफेवर सोडवली असणार, मला ठाऊक आहे. तुमचा बिल्ला हरवला म्हणून तुम्ही दोनदा विचारणा केलीत आणि मी दोनदा "शोधतो" म्हणालो. तो हरवलेला नाही. माझ्या शर्टाच्या खिशात आहे, रात्री उशाखाली असतो. नवीन करून घेऊ नका. बाहेर आलेल्या माणसाने स्वतः येऊन हातातून बिल्ला परत घ्यायचा, हा नियम तुमचाच आहे. तुम्ही तसेच रुग्णवाहिकेतून निघून गेलात, त्यामुळे माझ्या हिशेबी तुम्ही अजून आतच आहात आणि मी अजून बाहेर उभा आहे. पाय टेकायला लागला की आधी माझ्याकडे या.