शकुबाईंच्या उंबऱ्यापासून मोजलेले मुलुंड

मी, विद्याधर धोंडिराम तावडे, वय ७१, निवृत्त मोजणीदार, राहणार मुलुंड पूर्व, सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक पत्नी नलिनी हिची. ती असेपर्यंत घरातली एक खुंटीही तिला विचारल्याशिवाय कोणी हलवू नये. तिच्यामागे सर्व मुलगा नंदकुमार याचे.

२. मोजणीची साखळी आणि कंपासपेटी दशरथला. वीस वर्षे तो माझ्यासोबत साखळी धरून चिखल तुडवत होता. नकाशावर नाव मात्र माझेच लागले.

३. १९५१ पासून दर चार वर्षांनी मी मुलुंड पायी फिरून पातळ पारदर्शक कागदावर उतरवले. ते नऊ कागद एकावर एक ठेवले की भातखाचरांत रस्ते, रस्त्यांकडेला चाळी आणि चाळींच्या जागी इमारती आलेल्या दिसतात. माणसांनी हे सगळे उभे केले, याचे मला अजून कौतुक वाटते. नंदू त्यांना रद्दी म्हणतो, म्हणून त्याला एकही मिळणार नाही.

४. ते नऊ कागद आणि १९६३ ची मोजणीवही श्रीमती शकु अंबादास लोखंडे यांना. कारण लिहिणे भाग आहे. त्या वर्षी कचेरीच्या नकाशात नाल्यापलीकडची त्यांची वस्ती मी कोरी सोडली, आणि सवयीने घरच्या कागदावरही. बिनपरवान्याची घरे काढायची नाहीत, असा आमचा शिरस्ता. अंगणात नकाशा पसरला होता, तेव्हा बाईंनी विचारले, "सायेब, ह्यात आमचं घर कुठं हाय?" मी शिरस्ता सांगितला. त्या म्हणाल्या, "मग आठ दिस पाणी कुणाच्या घरचं प्यालात?"

मी नकाशा गुंडाळला आणि तसाच कचेरीत जमा केला.

आज जागेचा मालक तोच नकाशा कोर्टात दाखवून वस्ती नंतरची असल्याचे सांगतो आणि घरे पाडून मागतो. पण वहीत माझ्याच अक्षरात आहे, की तो सगळा भाग मी शकुबाईंचा उंबरा धरून मोजला. खुणेला तेवढी पक्की जागा दुसरी नव्हती. वहीत खाडाखोड नाही, कोणीही तपासावे.

वस्तीतल्या त्रेचाळीस घरांत कोण कोणत्या साली, कोणत्या गावाहून आले, हे बाईंना तोंडपाठ आहे. इतकी चोख मोजणी मला उभ्या नोकरीत जमली नाही. त्यांच्या सांगण्यावरून यंदा त्या घरांसकट दहावा कागद काढला, तोही त्यांचाच.

५. चूक माझी होती, ती मी कबूल करतो. मिळकत मिळणाऱ्याची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून शकुबाईंची सही घेतलेली नाही; माझी सही करायला मी त्यांच्याकडे आलो आहे. आल्याबरोबर पाणी मागून घेतले.

साक्षीदार : डॉ. चंद्रप्रकाश वैती, जयवंत राणे (दोघांसमक्ष)

सही : विद्याधर धों. तावडे

तारीख : ९ नोव्हेंबर १९८६

ठिकाण : शकु अंबादास लोखंडे यांचे घर, नाल्यापलीकडे, मुलुंड पूर्व