मंगळावरची विहीर

समुद्रपूर, ५ मार्च १९५६
'गगनदीप' मासिक आलं! हातात घेतलं आणि मनच खचलं. केवढंसं झालंय! चौसष्ट पानांचं बत्तीस. मुखपृष्ठावर एखादं यान नाहीतर उडता राजवाडा असायचा, आता सिनेमातली बाई. आत एकच अद्भुतकथा — बाकी सगळे खून आणि प्रेमपत्रं. माझी गोष्ट याही अंकात नाही. स्वीकारल्याचं कार्ड येऊन दीड वर्ष झालं.

६ मार्च
बानं विचारलंच. "नाव छापून आलं काय रे?" जन्मभर जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलल्या, अक्षर येत नाही; पण पोस्टमन दिसला की दारात हजर! गोष्ट मात्र त्याला तोंडपाठ, मीच वाचून दाखवलेली. मंगळावर एकच विहीर असते, कोणीही पाणी भरतं, कोणी जात विचारत नाही. ऐकून म्हणाला होता, "लय दूर हाय काय रे थो मंगळ?" तेव्हा मी हसलो होतो.

२ जून
संपादकांचं कार्ड. पुढचा अंक शेवटचा. तुमची गोष्ट घेता येत नाही, क्षमस्व. "असल्या गोष्टी आता कोण वाचतं, गुरुजी?" — कोण म्हणजे? मी वाचतो ना! सुट्टीतल्या वर्गात पाढे घेता घेता रडू आलं. पोरं घाबरली.

९ जून
शेवटचा अंक आला. बाला आठवडाभर ताप, डोळे खोल गेलेत. तरी हात पुढे केला. "दाव, कोठी हाय नाव?" माझ्याच्यानं खरं सांगवलं नाही. कुणा पुंडलिकरावांची भुताची गोष्ट होती, त्यांच्या नावावर बोट ठेवलं. "हे माझं." बानं त्यावर अंगठा फिरवला — कितीदा तरी! इतका हलकटपणा मी आजवर केला नव्हता.

२० जून
ताप उतरला. बा अंक घेऊन मोहल्लाभर हिंडतो. "माह्या श्रावणचं नाव हाय!" मोहल्ल्यात वाचणारं दुसरं कोणी नाही, म्हणून निभावलं.

१८ ऑगस्ट
बा हल्ली अंक कोणाला दाखवत नाही. विचारलं, तर म्हणाला, "राहू दे ना. जपून ठेवला." कंटाळला असेल. बरंच झालं.

१६ ऑक्टोबर
नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन परतलो. लाखो माणसं! बा तिथल्या नळावर ओंजळीनं पाणी प्याला, तोंड पुसलं, माझ्याकडे बघून म्हणाला, "तुहा मंगळ आला काय रे?" मीही नळाखाली ओंजळ धरली.

२८ नोव्हेंबर
बा गेला.

३ डिसेंबर
माझ्या बायकोनं, धुरपतानं, आज बाचं गाठोडं सोडलं. म्हणाली, "मामाजी जुलैपासून प्रौढांच्या वर्गाले जात होते. म्हणे, पोराचं नाव आपल्या डोळ्यानं वाचीन. तुमाले सांगू नको म्हणे."
गाठोड्यात 'गगनदीप'. पुंडलिकराव पेन्सिलीनं खोडलेलं. खाली वाकडंतिकडं — श्रावण.