पंचेचाळीसची प्लेट

सोमवार, २४ नोव्हेंबर. दुपारी १२
माझ्या जिममधली ४५ किलोची प्लेट वीस किलो चारशे ग्रॅम भरते. कोळवणच्या भातगिरणीचे मालक कोंडाजी यांनी हे नक्की केलं. काटा तपासायला त्यांनीच प्लेट मागवली होती. मी म्हणालो, काटा बिघडलाय. त्यांनी सिमेंटची सीलबंद गोणी ठेवली. बरोबर पन्नास. म्हणाले, काटा बरा हाय शेखरराव, तुमचं लोखंडच हलकं हाय.

संध्याकाळी ५
प्लेटचा पिवळा रंग खरवडला. खाली एलबी. म्हणजे पाउंड. फार्महाऊसवाल्यांकडून जुन्या प्लेटा घेतल्या तेव्हा रंग मीच दिला होता. निव्वळ सौंदर्यासाठी.
वीसचा बार, दोन प्लेटा. ११०चे झाले ६१.
मालेच्या फाट्यावर माझा फ्लेक्स आहे, '११० किलोचे मानकरी'. वाऱ्याने पडला तर बरं.
खरी अडचण वैशालीची. आमच्या जिममधली एकमेव मुलगी. रविवारी पुण्यात तिची पहिली डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलायची, स्पर्धा. ११०ने सुरुवात, असा फॉर्म दिवाळीआधी मीच भरलाय. स्पर्धा सुरू झाली की आकडा खाली आणता येत नाही. तीनदा फसली की बाहेर. आधी सांगितलं तर बदलता येतो.
उद्या सकाळी सांगणार. ठरलं.

मंगळवार
नाही सांगितलं. ती आनंदात होती. खेळाडूचा मूड बिघडवू नये.

बुधवार
६१ उचलणारी जिद्दीने ११० का नाही उचलणार? प्रयोग म्हणून स्वतः चार प्लेटा लावल्या. खरे एकशे दोन. बार हलला नाही. कंबर हलली.
शेकताना बायकोला, जयाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, घरातलं तांदळाचं पोतं शेजारचा नथू उचलतो, तेव्हाच मला शंका होती. आधी त्या पोरीला सांगा.

गुरुवार
मेसेज टाइप केला, 'वैशाली, तुझ्या वजनाबाबत.' डिलीट केला. मुलीला असा मेसेज बरा दिसत नाही.

शुक्रवार
कंबर. जिम बंद. झोप नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर. सकाळी ११
सांगितलं. मान खाली घालून, एका दमात.
ती म्हणाली, व्हय सर, ठाऊक हाय. दिवाळीत हिंजवडीच्या जिमात गेलते. तितं एकशेदहा हललंच न्हाई. फॉर्म तवाच बदलला, पंचावन्ननं सुरू करनार.
मला का नाही सांगितलंस?
म्हणाली, तुमी फ्लेक्सखाली फोटो काढत हुता, लई खूश हुता. कसं सांगायचं? मीबी चारदा ठरवलं.
म्हणजे महिनाभर ती रोज ६१ उचलत होती आणि माझ्यासाठी मोठ्याने ११० म्हणत होती.
मन हलकं होईल वाटलं होतं. झालं नाही.

दुपारी ४
उद्या सातला जीप. तिचा नंबर साडेदहाच्या सुमारास लागेल. कोच म्हणून आत एकालाच सोडतात. इस्त्री केलेला टी-शर्ट काढून ठेवला होता. आत्ता तिचा फोन आला. म्हणाली, सर, तुमची कंबर दुखतीया, तुमी भाईर बसा, बॅगा सांबाळा. आत जयाकाकू येत्यात.