राजाची शेवटची बायको

मावशी, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणाऱ्या माणसाला कोण लिहितं? आता तू जाऊन बरीच वर्षं झाली आणि आज आखातातलं, अल खौदचं आपलं स्वयंपाकघर आठवतंय. बाबांशी लग्न करून तू चिपळूणहून आलीस तेव्हा मी नववीत होते, आणि माझ्या आईच्या जागी आलेल्या बाईला आई म्हणायचं नाही, हे मी विमानतळावरच ठरवून टाकलं होतं. मावशी म्हटलं, तू चालवून घेतलंस.

शाळेच्या नाटकात मला इंग्लंडची राजकन्या मिळाली. तू भाकऱ्या थापतेयस आणि मी तुला घाबरवायला मोडक्या मराठीत तिची गोष्ट सांगतेय. "तिच्या फादरनी सिक्स लग्नं केली. तिची मम्मी नंबर टू. तिचं डोकं कापलं. मग बोलले, ही प्रिन्सेसच नाही. कपडे छोटे झाले, तरी नवीन कोण देईना."

"पोरीला अंगावर कपडे नाहीत?" डोक्याचं तुला काहीच वाटलं नाही. "आणि मी कितवी?"

"टू."

"म्हणजे माझी मान गेली म्हणायची. त्यातली बरी कुठली होती?"

"लास्टवाली. तिने प्रिन्सेसला परत पॅलेसमध्ये आणलं. शिकवलं पण."

"मग मला शेवटची धर. खलास."

राजकन्येचे कपडे मात्र तू मनाला लावून घेतलेस. लग्नातला शालू फाडून झगा शिवलास आणि घेर फुलावा म्हणून बाबांनी बरका गावातल्या शेतावरून आणलेली ठिबकची नळी त्यात ओवलीस. गाडीत बसले तर घेर माझ्या नाकाला. मागच्या सीटवरून ओणवी होऊन तू तो शाळेपर्यंत दाबून धरलास. स्टेजवर दाबायला कोणी नव्हतं. मी सिंहासनावर टेकले, झगा उसळून तोंडावर आला आणि शाळेची पीटीची पँट सगळ्या हॉलने पाहिली. मी रडणारच होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून तुझा आवाज आला, "दाब गो, पुढून दाब." पुढून दाबला तर मागून उठला. मग मलाच हसू आवरेना.

परत येताना, घेर दाबतच, तू हळूच विचारलंस, "ती पोर त्या शेवटचीला हाक काय मारायची गो?"

"बुकमध्ये नाही लिहिलं," मी म्हटलं. तू घेरावरचा हात काढला नाहीस.

पुस्तकात होतं, मावशी. त्या शेवटच्या राणीला पत्र लिहिताना ती राजकन्या शेवटी काय लिहायची, ते सगळं होतं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून मीही धीर करून तसंच लिहिते.

तुझी मुलगी